ट्रॅफिकमध्ये क्लचचं पेडल खालीच राहतं: ३७०झेडच्या परत परत येणाऱ्या दुखण्याचा माग

पहिल्यातून दुसऱ्यात जायला क्लच दाबला, पाय उचलला, आणि पेडल तिथंच खाली राहिलं. मुंबईतलं साकीनाका, मे महिना, संध्याकाळचे सात. बुटाचं टोक खाली घालून पेडल वर ओढलं आणि पुन्हा दाबलं, तर पायाला काही लागेचना, नुसतं पोकळ. दोन माणसांनी गाडी ढकलत कडेला लावली. चाळीस मिनिटांनी इंजिन निवलं आणि पेडल पहिल्यासारखं टणक झालं.

गाडी निसान ३७०झेड, ३.७ लिटरचं व्ही-सिक्स, सहा गिअरची मॅन्युअल. दोन वर्षांत हे चार वेळा झालं आणि पहिल्या दोन वेळा इलाज भलत्याच जागी केला. दर वेळी बिल भरलं, दर वेळी वाटलं सुटलो. म्हणून सगळं एकत्र लिहून ठेवतोय. ज्या कुठल्या गाडीत क्लचचा स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या पोटात असतो, त्या सगळ्यांना यातलं बरंच लागू पडेल. (स्लेव्ह म्हणजे पायाचा जोर क्लचपर्यंत पोचवणारा ऑइलचा सिलिंडर.)

आधी रस्त्यातलं

हे पहिल्यांदा सांगतो कारण यात कुणाला तरी इजा होऊ शकते. पेडल खाली असलं तरी अशा वेळी इंजिन आणि गिअरबॉक्स जोडलेलेच असतात. पण पेडलजवळच्या स्विचला ते कळत नाही. त्याला फक्त पेडल खाली दिसतं. त्यामुळे गाडी बंद पडली आणि तुम्ही घाईत स्टार्टचं बटण दाबलंत, तर इंजिन गिअरमध्येच फिरतं आणि गाडी समोरच्या रिक्षावर उडी मारते. म्हणून ॲक्सिलरेटर सोडा, लिव्हर सरळ न्यूट्रलला ओढा (पाय काढला की तो क्लचशिवायही निघतो), ब्रेकवर थांबा, हॅझर्ड लावा, हँडब्रेक ओढा. बटणाला हात त्यानंतरच.

पेडल हाताने वर काढून पाच-सहा वेळा भरभर पंप केलं तर कधी कधी एखादा गिअर टाकण्यापुरतं प्रेशर मिळतं. ते कडेला जाण्यापुरतं वापरा. त्या जोरावर घर गाठायला निघू नका. मी एकदा निघालो होतो आणि जेव्हीएलआरच्या (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या) चढावर अडकलो. मागे बेस्टची बस होती.

पेडल दाबल्यावर आत काय होतं

पेडल एक दांडा ढकलतं, दांडा मास्टर सिलिंडरमधलं ऑइल ढकलतो, ते ऑइल लाइनमधून स्लेव्ह सिलिंडरपर्यंत जोर नेतं आणि स्लेव्ह रिलीज बेअरिंग, म्हणजे क्लच सोडवणारं बेअरिंग, पुढे सरकवतो. इथलं ऑइल म्हणजे ब्रेकचंच ऑइल. जुन्या पद्धतीच्या गाड्यांत, आणि सुरुवातीच्या वर्षांच्या ३५०झेडमध्येही, स्लेव्ह गिअरबॉक्सच्या बाहेर असतो आणि एका फोर्कला ढकलतो. ३७०झेडमध्ये तो बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या घंटेच्या आकाराच्या कवचाच्या) आत, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टभोवती कड्यासारखा बसवलेला आहे. या रचनेत फोर्क लागत नाही आणि जोर सरळ मध्यावर पडतो. पण तो जिथं बसतो तिथंच फ्लायव्हील आहे, क्लचची घासणारी प्लेट आहे, आणि बाहेर दोन्ही बाजूंनी एक्झॉस्टचे पाइप जातात. गाडी धावत असताना खालून वारा लागतो. सायन ते घाटकोपर पाऊण तासात सरपटताना कसला वारा? त्यात अर्धा क्लच धरून पुढे-पुढे सरकणं, म्हणजे आतून वेगळी उष्णता.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला फार उशिरा कळली. हे ऑइल फिरत नाही. रेडिएटरमधलं पाणी फिरतं, इंजिन ऑइल फिरतं. क्लचचं ऑइल मात्र बंद गल्लीत उभं असतं. स्लेव्हमधलं थेंबभर ऑइल महिनोनमहिने त्याच जागी शिजत राहतं. वरच्या डबीत कितीही ताजं ऑइल ओतलं तरी ते खाली पोचत नाही.

निदान: डबी, पाय आणि एक वाटी पाणी

पेडल खाली राहण्यामागे निदान तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात आणि ड्रायव्हरच्या सीटवरून त्या सारख्याच भासतात. सुटे भाग बदलायला सुरुवात करण्याआधी एक रविवार सकाळ काढा.

गाडी रात्रभर थंड झालेली असताना फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापाशी) असलेली क्लचच्या ऑइलची छोटी डबी बघा. ब्रेकची मोठी डबी वेगळी असते, गल्लत करू नका. टेपच्या बारीक पट्टीने पातळीची खूण करा आणि आठवडाभर गाडी नेहमीसारखी चालवा. पातळी जागची हलली नाही आणि दुखणं फक्त गरम झाल्यावर येतं, निवल्यावर जातं, तर आत वाफ होते आहे. गळती नाही. यात काही तोडफोड करायची नसते, ऑइल बदलायचं असतं.

पातळी हलली नाही, पण थंड गाडीतही पेडल दाबून धरलं की मिनिटभरात पायाखाली हळूहळू खचतं, तर मास्टरच्या आतलं रबर प्रेशर मागे सोडतं आहे. याची चाचणी मोकळ्या जागेत करा. पहिला गिअर, क्लच पूर्ण दाबलेला, दुसरा पाय ब्रेकच्या अगदी वर. गाडी आपोआप पुढे रांगू लागली तर शंका पक्की. मास्टर कधी कधी बाहेरही गळतो, आणि मग गळती केबिनमध्ये दिसते. पेडलच्या दांड्यावरचं रबरी बूट बोटाने उचलून आत ओल आहे का बघा. टॉर्च लागेल, मान अवघडेल, पण बघाच.

पातळी उतरते आहे आणि केबिन कोरडं आहे, तर ऑइल बहुधा बेल हाउसिंगमध्ये जातंय. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जुळतात त्या सांध्याच्या तळाशी ओल दिसेल. आता इथं बऱ्याच जणांची फसगत होते, कारण त्याच जागेतून इंजिनचं मागचं ऑइल सील गेलं तरी थेंब येतो आणि गिअरबॉक्सचं पुढचं सील गेलं तरी येतो. बोटावर घेऊन वास घेणारे अनुभवी लोक आहेत, पण मला वाटीची परीक्षा जास्त भरवशाची वाटते. स्टीलच्या वाटीत पाणी घ्या आणि तो थेंब सोडा. ब्रेकचं ऑइल ग्लायकॉलचं असतं, ते पाण्यात मिसळून जातं. इंजिनचं आणि गिअरचं ऑइल वर तरंगतं. गिअरबॉक्स उतरवण्याचा खर्च ठरवण्याआधी एवढं कराच. आणि वाटी परत स्वयंपाकघरात नेऊ नका, ब्रेक ऑइल पोटात गेलं तर विषारी आहे.

दोन वेळा चुकलो ते कसं

पहिल्यांदा एका वर्कशॉपने डबी साफ करून वर नवं ऑइल भरलं. पेडल टणक होतं, कारण गाडी थंड होती. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. दुसऱ्यांदा दुसऱ्या जागी मास्टर सिलिंडर बदलला. तेवढ्यात पाऊस सुरू झाला आणि जून ते सप्टेंबर काही झालं नाही. मी सगळ्यांना सांगत सुटलो की मास्टरच गेला होता. ऑक्टोबरची हीट आली आणि अमर महल जंक्शनला पेडल पुन्हा जमिनीला.

तेव्हा मी कुर्ल्याला, सीएसटी रोडच्या बाजूला, एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांना सगळे काका म्हणतात. त्यांनी सुटा भाग एकही मागवला नाही. गाडी लिफ्टवर घेतली, गिअरबॉक्सच्या बाजूचं ब्लीडर निपल (जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढायची तोटी) उघडलं आणि पहिलं कपभर ऑइल पारदर्शक बाटलीत धरलं. वरच्या डबीत मधासारखं होतं. खालून निघालं ते कटिंग चहाच्या तळासारखं काळं, गाळासकट.

काका म्हणाले, "अहो, वर डबीत तीर्थ आहे आणि खाली डबकं. तुम्ही वरच हात जोडताय."

मुंबईची हवा आणि उकळण्याचे आकडे

ब्रेकचं ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डबीच्या झाकणाच्या श्वासाच्या जागेतून, रबरी नळीच्या भिंतीतून, हळूहळू. डॉट ही ब्रेक ऑइलची प्रतवारी. डॉट ३ ऑइलला ताजं असताना निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळायचं नाही असं बंधन असतं. त्यात साधारण ३.७ टक्के पाणी मुरलं की हाच आकडा १४० वर येतो. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ चे २६० आणि १८०. ऑइल दाबलं जात नाही, म्हणून तर ते जोर पोचवतं. पण स्लेव्हपाशी पाण्याची वाफ झाली की वाफ दाबली जाते. पायाने दिलेला सगळा जोर बुडबुडा आवळण्यात संपतो आणि बेअरिंग जागचं हलत नाही. गाडी निवली, वाफेचं पुन्हा पाणी झालं, पेडल परत आलं. माझं चाळीस मिनिटांचं कोडं एवढंच होतं.

पावसाळ्यात बरं का वाटलं तेही यातच आहे. हवा आणि रस्ता थंड, म्हणून उकळी फुटत नाही. पण त्याच चार महिन्यांत ऑइल सगळ्यात जास्त पाणी पितं. दुखणं झाकलं जातं आणि आतून वाढतं, मग ऑक्टोबरात उफाळून येतं. समुद्राजवळ, उघड्या पार्किंगला गाडी असेल तर मॅन्युअलमधल्या मुदतीवर विसंबू नका. ती मुदत दादर-माहीमची हवा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली नाही.

पेडल मधेच न थांबता पार खाली का बसतं, हाही प्रश्न मला छळत होता. या पेडलला मदतीची एक स्प्रिंग आहे. पेडल अर्ध्याच्या पुढे गेलं की ती पायाच्या बाजूने ढकलते, म्हणजे क्लच हलका लागतो. एरवी हायड्रॉलिकचं प्रेशर तिला परत लोटतं. प्रेशर गेलं की स्प्रिंग जिंकते आणि पेडल खाली धरून ठेवते. काही जण ती स्प्रिंग काढून टाकतात. त्याने पेडल वर येतं हे खरं, पण क्लच जड होतो आणि मूळ आजाराची खूण तेवढी पुसली जाते. मी काढली नाही.

माझ्या कस्टमायझेशनने काय केलं

ऑक्टोबरात ऑइल बदलून गाडी सुधारली. पुढच्या एप्रिलात चौथ्यांदा पेडल गेलं, आणि या वेळी पातळीही उतरली होती. वाटीच्या पाण्यात थेंब विरघळला. स्लेव्ह गळत होता.

याचं कारण मी स्वतः गाडीत बसवलं होतं. वर्षभरापूर्वी जाड प्रेशर प्लेटचा (क्लचची प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या भागाचा) क्लच टाकला होता, पुढे कधी पॉवर वाढवायची म्हणून. जितकी प्लेट कडक, तितकं तिला उचलायला जास्त प्रेशर, आणि ते सगळं आतल्या स्लेव्हच्या रबरावर. शिवाय एक्झॉस्ट बदलताना फिटरने पाइपाजवळचे दोन हीट शील्ड काढून ठेवले होते, कारण नव्या पाइपाला ते घासत होते. ते पत्रे माझ्याच डिकीत पिशवीत पडून होते. पाइपाची धग सरळ बेल हाउसिंगवर जात होती आणि मी नव्या आवाजावर खूश होतो.

इंजिनची मूळ ताकद आहे तेवढीच असेल तर कडक प्रेशर प्लेट टाकू नका असं मी आता स्पष्टच सांगतो. मूळ क्लच या इंजिनला पुरेसा आहे. आणि एक्झॉस्टचं काम करून घेताना गाडी ताब्यात घ्यायच्या आधी खाली वाकून शील्ड मोजा. नव्या पाइपाला जुना पत्रा बसत नसेल तर नवा वाकवून घ्या, किंवा पाइपाला बेल हाउसिंगच्या लांबीपुरती उष्णतारोधक पट्टी गुंडाळा. पट्टी पावसाळ्यात पाणी धरून पाइप गंजवते, म्हणून मी पत्र्याच्या बाजूने आहे.

ऑइल बदलणं

हे घरी होतं, दोन माणसं हवीत. गाडी चारही बाजूंनी घोड्यांवर (गाडी पेलणाऱ्या लोखंडी स्टँडवर) घ्या, नुसत्या जॅकवर खाली शिरू नका. आधी डबीतलं जुनं ऑइल सिरिंजने ओढून काढा, गाळ लिंट नसलेल्या कपड्याने पुसा, ताजं भरा. मग निपलला पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक थोडं ताजं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. वरच्याने पेडल सावकाश दाबून धरायचं, खालच्याने निपल उघडायचं, ऑइल येऊ द्यायचं, निपल बंद करायचं, आणि मगच वरच्याने पेडल हाताने वर आणायचं. हा क्रम एकदा चुकला की हवा आत. दर पाच-सात वेळांनी डबी भरा. ती रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून. नळीतून स्वच्छ, बुडबुड्यांशिवाय ऑइल येईपर्यंत चालू ठेवा. मला पहिल्यांदा जवळजवळ अर्धा लिटर लागलं.

हवा हट्टाने अडकली असेल तर उलट्या बाजूने करा. मोठ्या सिरिंजने निपलमधून ऑइल हळूहळू वर ढकला. हवेला वरच जायचं असतं, तिला वाट मिळते. हे करताना डबी भरून वाहणार नाही याकडे एकाने लक्ष ठेवायचं, कारण हे ऑइल रंग खातं. सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी मारा.

ऑइल डॉट ४ किंवा डॉट ५.१ घ्या. मॅन्युअलमध्ये डॉट ३ आहे, आणि हे तिन्ही एकाच जातीचे, एकमेकांत चालतात. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, नाव सारखं पण जात वेगळी, ते यात मिसळायचं नाही. स्टिअरिंगचं किंवा इंजिनचं ऑइल तर थेंबभरही नको, त्याने रबर फुगतं आणि मास्टरपासून स्लेव्हपर्यंत सगळं बदलावं लागतं. छोटी बाटली घ्या आणि उरलेलं टाका. फोडलेली बाटली कपाटात ठेवली तर गाडीत जायच्या आधीच तिने मुंबईची हवा पिऊन घेतलेली असते.

गिअरबॉक्स उतरवायची वेळ आली तर

स्लेव्ह गळत असेल तर दुसरा मार्ग नाही, गिअरबॉक्स खाली घ्यावाच लागतो. आणि एकदा घेतलाच तर स्वस्तात सुटायचा मोह टाळा. मजुरीच मोठी असते. क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग बघा, इंजिनचं मागचं सील आणि गिअरबॉक्सचं पुढचं सील ओलं असेल तर तेव्हाच बदला. गिअरबॉक्स खाली असताना कुणालाही पेडल दाबू देऊ नका. समोर अडवायला काही नसल्यामुळे स्लेव्हचा पिस्टन बाहेर निघून येतो. गाडीच्या स्टिअरिंगला तशी चिठ्ठी बांधा, वर्कशॉपमधली पोरं गाडी सरकवताना सवयीने क्लच दाबतात.

पुन्हा आतलाच स्लेव्ह टाकायचा की बाहेरचा स्लेव्ह आणि फोर्क असलेलं किट बसवायचं, यावर मी महिनाभर विचार केला. गाडी मूळ क्लचवर असेल, शील्ड जागेवर असतील आणि ऑइल वेळेवर बदलणार असाल, तर आतलाच ठेवा. माझा कडक क्लच मला ठेवायचा होता, म्हणून मी बाहेरचा घेतला. पुढे तो गेला तर गिअरबॉक्स न उतरवता तासाभरात बदलता येतो, हा फायदा मोठा आहे. मागवताना स्टिअरिंगची बाजू नीट बघा. ही गाडी आपल्याकडे २०१० पासून कंपनीनेच तयार आयात करून विकली, ती उजव्या स्टिअरिंगची. वापरलेली गाडी बाहेरून आणायची तरी ती उजव्या स्टिअरिंगचीच हवी, तीन वर्षांहून जुनी नको आणि मुंबई बंदरातूनच उतरली पाहिजे, असा नियम आहे. किट मात्र बरीचशी अमेरिकेतल्या डाव्या स्टिअरिंगच्या गाड्यांसाठी बनतात आणि त्यांच्यातली लाइन आपल्या मास्टरपर्यंत नीट पोचत नाही. माझी लाइन इथंच स्टीलच्या जाळीची, मापाने करून घेतली. मास्टर आणि स्लेव्ह मागवताना चासी नंबर देऊनच पार्ट नंबर काढून घ्या, फोटो बघून मागवू नका. मी फोटोवरून मागवलेला एक मास्टर कस्टम ड्युटी भरून आला आणि बसलाच नाही.

आता माझ्या गाडीत वर्षातून दोनदा ऑइल बदललं जातं, एकदा मार्चअखेर आणि एकदा दसऱ्याच्या आसपास, पाऊस गेल्यावर. डबीवर पांढऱ्या मार्करने तारीख लिहितो. सिग्नलला न्यूट्रल टाकून पाय पूर्ण काढतो, अर्ध्या क्लचवर सरकत नाही, पुढे दोन गाड्यांची जागा होऊ देतो आणि मग एकदाच जातो. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत. गेल्या मे महिन्यात साकीनाका ते घाटकोपर सव्वा तास लागला. मधे एकदा इंजिन चालू ठेवून, न्यूट्रलला, मुद्दाम पेडल वीस वेळा दाबून पाहिलं. विसाव्यांदाही ते पहिल्याच उंचीवर परत आलं.